न्हाणीच्या दगडावरचे पाय

ता. १६ नोव्हेंबर १९४५, देवळाली प्रवरा

आज न्हाणी माझ्या वाट्याला आली. लतीफ मिस्त्री (यापुढं ल. मि. लिहिणार, दिवसभर दगडावर टाकी धरून बोटं आखडतात) बंगल्याच्या पायरीवर बिडी ओढत बसले होते. म्हणाले, "गनपत, नक्षी काढीन काढीन म्हनतोस ना, घे. न्हाणीचा तळ तुझा." मला वाटलं होतं देवघराची चौकट देतील. दिली न्हाणी. माणूस अंगाचा मळ टाकतो ती जागा.

तरी आनंद झाला. दाखवला नाही.

पुढं म्हणाले, "नाताळानंतर नगरला मोठं काम धरतोय. तिथं नक्षीला मानूस लागनार. हे पास झालं तर तुला नेतो. न्हाई तर तू हायेस आन तुझी पिशवी हाय." पिशवीचं मुद्दाम बोलले. केडगावचं काम मी सोडलं, मग नागापूरच्या खाणीवरचं सोडलं, ते त्यांना ठाऊक आहे. कुठंच बूड टेकत नाही माझं. का ते मलाही...

ता. १८

बाजारात गावाकडचा माणूस भेटला. पार पाथर्डीच्या पलीकडून गूळ न्यायला आलाय. म्हणाला, बाप विचारतो, येतोस का नाही? हात थरथरतात म्हणे आता. "जात्याला टाकीऽऽ, पाट्याला टाकीऽऽ" करत गावोगाव फिरणं होत नाही.

टाकी लावायला मी त्याच्याच जवळ शिकलो. तिसरीतून शाळा सुटली ती त्याच्यामागं पिशवी घेऊन. पण ती हाक माझ्या तोंडातून निघत नाही. दुसऱ्याच्या दारात उभं राहून, घासून गुळगुळीत झालेला पाटा मागायचा, तो खरखरीत करून द्यायचा, पुढच्या दारात जायचं. आयुष्यभर. एक दगड असा नाही की हा मी केला म्हणून दाखवता येईल.

त्या माणसाला सांगितलं, काम संपलं की बघतो.

ता. २०

धाकट्या मालकांनी आज कागद दाखवला. मुंबईच्या दुकानाच्या वहीतून फाडलेलं चित्र. धाकटे मालक म्हणजे या बंगल्याचे धनी. शंभर बिघे ऊस, पुण्यात शिकलेले. मोठे मालक वारून वर्षं झाली तरी लोक यांना अजून धाकटेच म्हणतात, कारण घर चालतं ते आईच्या शब्दावर. जीजी म्हणतात तिला. मी अजून बघितली नाही.

चित्रात पांढरी चौकोनी परात आहे, काठ उभे, मधे भोक. तीत उभं राहायचं. वर नळाला चाळणी, पाणी अंगावर पडतं. शावर. मुंबईला लढाईमुळं ती परात मिळत नाही म्हणून तशीच काळ्या दगडात करायची. "पण नुसती नको. माझ्या बंगल्यात आल्यावर मित्रांनी विचारलं पाहिजे, ही कुठून आणली."

सारजाबाई माल वाहते, तिनं चित्र उलटंसुलटं बघितलं. "म्हंजे छताला झारी टांगायची आन खाली मानूस लावायचा! मालक, खत पन घालायचं का?" धाकटे मालकही हसले. त्यांचं हसणं बरं आहे. रागीट नाहीत.

माझ्या मनात मात्र दुसरंच. आमच्याकडं न्हायला एक तांब्या, फार तर दोन. बसून न्हायचं, आणि ते पाणी अळवाला जायचं. इथं उभ्यानं. पाणी वरून येणार, येत राहणार, कुणी मोजणार नाही. उभ्यानं न्हाणाऱ्या माणसाचं मी काय करायचं?

ता. २२

दगड आला. चांगला आहे, ठोकला तर घंटेसारखा वाजतो. एक बाजू घोटून ल. मि. ना दाखवली. आरशासारखी. त्यांनी तिच्यावर बादलीभर साबणाचं पाणी ओतलं. "चल, हो उभा."

दोन पावलंही नाही. कंबर अजून दुखते. सगळे गवंडी काम टाकून हसत होते. ल. मि. हसले नाहीत. म्हणाले, "हे धाकट्या मालकाच्या आईचं हाड असतं तर? नक्षी आधी पायाला कळली पायजे. डोळ्याचं मागनं."

झोपताना तेच डोक्यात. पायाला कळणारी नक्षी.

ता. २५

कोळशानं फरशीवर काढून बघतो, पुसतो.

कमळ काढलं. ल. मि. म्हणाले, "लक्ष्मीच्या फुलावर साबन आन मळ? जीजी घरात घेईल तुला?" पुसलं. मला कसं सुचलं नाही याची लाज वाटली. हिंदू मी आणि सांगतात ते.

वेल काढली, पानं, कळ्या, फार सुंदर. सारजाबाई डोक्यावर घमेलं तसंच ठेवून उभी राहिली. "पानापानात मळ बसंल ह्याच्या. तो टोकरून काढनार कोन? बाईच की." पुसली.

म्हणजे कोपरा नको. खाच असेल ती भोकाकडं वाहणारी हवी. पाणी आलं की आपोआप धुवून निघाली पाहिजे. पाण्याच्या लहरी काढाव्यात. एकातून एक, शेवटी सगळ्या भोकाला मिळणाऱ्या.

आणि मधे, माणूस उभा राहतो तिथं?

ता. २८

सापडलं!

उभं राहायची जागा ओली माणसंच दाखवतात. दगडावर विटेची भुकटी पसरली आणि सगळ्यांना पाय ओले करून उभं केलं. सारजाबाई लाजली, उभी राहिली नाही. गवंड्यांचे पाय उठले, कुणाचे फेंगडे, कुणाची टाच फुटलेली. ल. मि. दुपारच्या नमाजासाठी हातपाय धुऊन येत होते, त्यांनाही हात धरून उभं केलं. "क्या रे पागल." पण राहिले उभे. त्यांचे पाय असे उमटले की बघत राहावं. रुंद, बोटं मोकळी, दोन्हीवर सारखा भार. तीस वर्षं परांचीवर चढून बांधकाम केलेला माणूस, तोल चुकतच नाही.

तेच आखले. दोन पाय थोडे उंच ठेवायचे, भोवतालचा दगड खाली न्यायचा. पाणी पायांवरून उतरेल, लहरीतून वाहील. आणि पायांच्या माथ्यावर टाकीचे टिपके, पाट्याला लावतो तसे, पण बारीक. पाऊल ठेवलं की धरील.

बापाचीच टाकी ती. वेगळ्या कामाला.

ल. मि. नी आखणी बघितली. "दुसऱ्या कुनाचे घ्यायचे. माझे कशाला." मी म्हटलं, तुमचेच सरळ आहेत. मान हलवली आणि गेले. नको म्हणाले नाहीत.

ता. ४ डिसेंबर

काम. काम. लिहायला वेळ नाही. डावा पाय उतरला. उजव्याच्या करंगळीपाशी दगडात शीर आहे, तिथं जपून.

आज पहिल्यांदा कुठं पळून जावंसं वाटलं नाही.

ता. ९

झालं. बसवलं. पाणी सोडलं. पाण्यानं दोन्ही पायांना वळसा घातला, लहरी धरल्या आणि गेलं. थेंब थांबला नाही. साबण टाकून मी उभा राहिलो, नाचलो. पाय हलला नाही.

ल. मि. म्हणाले, "हं." मग चंचीतलं पान काढून दिलं. एवढंच. मला पुरलं.

धाकटे मालक कामाला पुण्याला गेलेत. आल्यावर बघतील. तोवर वर तरट टाकून ठेवलंय.

ता. १३, गुरुवार

काय झालं ते नीट लिहिलं पाहिजे, नाही तर माझाच विश्वास बसायचा नाही.

धाकटे मालक काल आले, आज सकाळी आईला घेऊन बंगला दाखवत होते. जीजी बारीक, काटक, पांढरं लुगडं. खोल्या नुसत्या बघितल्या. न्हाणीशी आली. धाकट्या मालकांनी मोठ्या कौतुकानं तरट ओढलं.

जीजीनं वहाणा उंबऱ्याबाहेर काढल्या. आत गेली, वाकली आणि दगडावर डोकं टेकवलं.

"पादुका," म्हणाली. "दत्ताच्या पादुका. कुनी केल्या रं?"

तेव्हा दिसलं मला. देवाशपथ तोवर दिसलं नव्हतं. काळा दगड, वर उचललेले दोन पाय, भोवती लहरी. गावोगावच्या औदुंबराखाली हेच तर असतं! मी इतके दिवस त्या दगडाकडं पायानंच बघत होतो.

"म्या," म्हटलं.

"हात चांगला हाय. कुन्या गावचा?"

धाकटे मालक मधे पडले. "आई, अगं न्हाणी हाय ती!"

"मग न्हाणी दुसरीकडं कर. खोल्या काय कमी हायेत?"

"वर शावर बसायचाय!"

सारजाबाई माझ्यामागून हळूच म्हणाली, "बसू द्या की. रोज अभिषेक." मला हसू आवरेना, आणि रडूही. धाकट्या मालकांचं तोंड बघवत नव्हतं. ते जे मित्रांना दाखवणार होते ते...

जीजीनं जाताना अंबाड्यातलं शेवंतीचं फूल काढून डाव्या पायावर ठेवलं.

(नंतर: जीजी विधवा, अंबाड्यात फूल घालत नाही. ओंजळीत होतं. घाईत चुकीचं लिहिलं.)

ता. १५

रोज सकाळी दगडावर फुलं असतात. अष्टगंध. शेजारच्या दोघी येऊन गेल्या, एकीनं नारळ ठेवला. धाकटे मालक म्हणाले, पाय उडव, लहरी ठेव. जीजीच्या कानावर गेलं. ती म्हणाली, टाकी लागली तर आधी मला सांग, मी तिथं बसते. मग बघू कुठं मारतोस.

म्हणजे पास का नापास? ल. मि. ना विचारलं. म्हणाले, "ज्यानं करून घेतलं तो त्याच्यावर उभा राहीपर्यंत मला काय सांगता यायचं?"

खरं आहे. एवढी पूजा चालली आहे, पण माझ्या दगडावर उभं कुणी राहत नाही. मला हार नको होता. कुणीतरी डोक्याला साबण लावून डोळे मिटून उभं राहावं आणि त्याला भीती वाटू नये, एवढंच.

ता. १६

ल. मि. न्हाणीच्या बाजूला फिरकत नाहीत. गिलावा बघायला तिथूनच जावं लागतं, तर मागून वळसा घालून जातात. आज भाकरी खाताना पायात चपला तशाच. मी म्हटलं, काढा की, गार वाटतं. म्हणाले, "गनपत, म्हातारी रोज माझ्या पायावर डोकं टेकवती."

"तिला कुठं ठाऊक आहे?"

"मला हाय ना."

मग म्हणाले, "आमच्यात डोकं एकाच्याच पुढं टेकतात. मी हमाली करून पोट भरनारा मानूस. माझ्यापुढं कुनी टेकवावं आन मी गप बसून भाकरी खावी... न्हाई पचत."

 मी नुसता तोल बघितला होता. त्यांच्यावर एवढं ओझं टाकलं हे ध्यानातच आलं नाही.

ता. १८, दत्तजयंती

जीजीनं न्हाणीत पूजा केली. आळीतल्या बायका, सुंठवडा, आरती. वरून नळाचं बिनचाळणीचं टोक लोंबत होतं, त्याला कुणी तरी झेंडूची माळ घातली. सारजाबाईनं मला कोपरानं ढोसलं, पण तीही हात जोडून होती.

ल. मि. ना जीजीनं स्वतः बोलावून प्रसाद दिला. "मिस्त्री, तुमच्या हाताखालचं पोरगं गुनी हाय." त्यांनी दोन्ही हात पुढं केले, घेतला. 

ता. २०

सांगितलं त्यांनी.

मी तिथंच होतो. जीजी फुलं घेऊन आली तर ल. मि. दारात उभे. चपला काढलेल्या. म्हणाले, "जीजी, रागवा, हाकला, पन ऐका. ते देवाचे न्हाईत. पोरानं माप माझं घेतलं. ते माझे पाय हायेत."

जीजीनं खाली बघितलं. त्यांच्या पायांकडं. खूप वेळ. ल. मि. ची बोटं आपोआप आत वळली, लहान मुलाची वळतात तशी.

मग ती आत गेली. एकेक फूल वेचून ओच्यात घेतलं, गंध पदरानं पुसलं. बाहेर आली आणि घराकडं चालू लागली. 

संध्याकाळी ल. मि. म्हणाले, "खरं बोलून मी काय मोठं केलं? म्हातारीचा देव काढून घेतला."

मी म्हटलं, देव मी ठेवला नव्हता. म्हणाले, "तेच ना. कुनीच ठेवला नव्हता. तरी होता."

ता. २२

गावात झालं. पाणवठ्यावर एक जण मोठ्यानं म्हणाला, "जीजीनं मुसलमानाच्या पायावर नारळ फोडला." दुसरा म्हणाला, तुझ्या काकूनंही फोडला, ती पण होती. तेव्हा गप बसला. पण बोलणं फिरतंय.

धाकट्या मालकांपर्यंत गेलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी तीन दिवस नगरला चाललोय. आलो की ते पाय दिसता कामा नयेत. लहरी राहू दे. घराची शोभा झाली." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं.

ल. मि. म्हणाले, "काढून टाक बाबा. माझी पन सुटका." म्हणजे तेही तिकडंच. ते पाय तुटावेत असं ज्याला वाटत नाही असा मी एकटाच.

आणि जीजी? ती घराबाहेर पडलेली नाही.

ता. २३

टाकी घेऊन बसलो होतो. उजव्या टाचेवर धरली. हातोडा उचलला.

बाप म्हणायचा, टाकी लावताना दगड आधीच घासलेला असतो, म्हणून लावायची. हा तर अजून कुणी एकदाही घासलेला नाही. वापरण्याआधीच...

नाही मारला. उद्या बघू.

ता. २४

आजही नाही.

ता. २५

सकाळी बंगल्यावर गेलो तर न्हाणीचा दगड ओला. कडेला बादल्या, दोन, रिकाम्या. भोकाशी साबणाचा फेस बसलेला. मला वाटलं गवंड्यांनी चेष्टा केली. कुणाच्या तरी कानाखाली काढणारच होतो. तेवढ्यात घरचा गडी म्हणाला, "ओरडू नगं. जीजी येऊन गेली फाटंचं. मला म्हनली पानी तापवून आन आन दार लोटून बाहेर बस."

अंगणात जीजी उन्हाला पाठ करून केस वाळवत बसली होती. मला बोलावलं. मी लांबच उभा राहिलो.

"ये की हिकडं. खाते व्हय तुला?"

गेलो.

"आधी पाय ठेववंना," म्हणाली. "दगडावर न्हवं. त्यांच्यावर. मग म्हटलं, मानसाचे हायेत तर मानसानं उभं राहायला काय हाय? राह्यले. साबन लावला, डोळं मिटलं." तिनं केसांतून बोटं फिरवली. "मोठे मालक गेल्यापास्नं डोळं मिटून न्हाले न्हाई मी. मोरीत एकदा पाय सरला हुता. तवापास्नं भिंत धरूनच. आज धरली न्हाई."

मी तिथंच उकिडवा बसलो.

"तुज्या मिस्त्रीचे पाय मात्र लई थोराड. माझे दोन्ही एकाच पायात मावत्यात. त्याला म्हनावं, जागा पुरून उरली."

मी विचारलं, "मग जीजी, ठेवायचे का काढायचे?"

"ते लेकाला इचार. न्हाणी त्यानं केली हाय. मी कशाला म्हनू? एकदा म्हनून बघितलं ना."

ल. मि. ना हे सगळं सांगितलं. त्यांनी थोराडचं दोनदा सांगायला लावलं. दुसऱ्यांदा हसले. मग उठून विहिरीवर गेले आणि बराच वेळ तोंड धूत बसले.

ता. २६

ल. मि. ची नगरची मोटार दुपारची. त्यांची हत्यारं बांधून झाली. माझी पिशवी दारात आहे. ती घेऊन कुठं जायचं ते अजून ठरलेलं नाही. नगर, नाही तर पाथर्डीकडची वाट. ल. मि. म्हणाले, "मोटार निघेपर्यंत थांबतो. मालक काय म्हनतात ते घेऊन ये. वंगाळ बोलले तरी येऊन सांग."

धाकटे मालक आत्ता आले. नगरहून शावरची चाळणी आणली आहे, पितळी, कागदात गुंडाळलेली. मला बघितलं. "काढले?"

"नाही," म्हटलं.

वाटलं आता देतात एक. पण तोवर जीजीनं त्यांना हाक मारली. अंगणातच दोघं बोलले. काय ते मला ऐकू आलं नाही. ती बोलत होती आणि ते मान खाली घालून चाळणीवरचा कागद उलगडत होते.

मग न्हाणीत गेले. दार लावून घेतलं. दोन बादल्या पाणी गड्यानं आधीच आत ठेवलं होतं, माझ्या देखत.

हे पायरीवर बसून लिहितोय. सारजाबाई भिंतीला टेकून उभी आहे, आज तिलाही काही सुचत नाही. आतून बूट काढल्याचा आवाज आला. एक. मग दुसरा.

पाण्याचा अजून नाही.